स्वतःची जट कापून घेतलेल्या मावशींना

मावशी,

तुमचं नाव लिहू नको म्हणालात, म्हणून नुसतंच मावशी. रविवारी आलात की हे मोठ्यानं वाचून दाखवीन. त्याआधी चार लोकांनी वाचलं तर रागावू नका.

आपल्या कोल्हापुरात बाईच्या डोक्यात जट दिसली की लोकांना आधी कर्नाटकातल्या सौंदत्तीची यल्लमा देवी आठवते; जट म्हणजे तिचं बोलावणं. दोन वर्षांपूर्वी मी फणी सोडली तेव्हा हे मला ठाऊक होतं. पण वडापच्या, म्हणजे शेअर, रिक्षात शेजारच्या बाईनं हात जोडले तेव्हा काय करावं ते सुचलं नाही. मला देवाधर्माचं काही करायचं नव्हतं. कुरळे केस, रोज सकाळी फणीशी मारामारी आणि कॉलेजपासूनची हौस, एवढंच कारण. पार्लरात क्रोशाच्या सुईनं ड्रेडलॉक्स विणून मिळतात, तेही नको होते; आपसूक होतील तसे हवे होते. माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतात. फणी फिरली नाही की ते बाहेर न पडता शेजारच्या केसांत अडकतात आणि गाठ धरते. एवढं वाचून मी स्वतःला जाणकार समजायला लागले.

मग जुलै आला. तुम्ही भाकरी थापत होता, मी चहा घ्यायला ओट्याशी आले, आणि तुम्ही मान वळवून विचारलंत, "घरात कुठं वलं फडकं कुजाय लागलंय काय?"

फडकं माझ्या डोक्यावर होतं.

तुम्ही हात धुतलेत, मला मोरीपाशी पाटावर बसवलंत आणि एकेक जट बोटांनी चाचपलीत. लवकर धरावी म्हणून मी मेण चोपडत होते. ते साध्या पाण्यानं निघत नाही, आत मळ आणि ओल दोन्ही धरून ठेवतं. त्यावर आईच्या आग्रहाचं खोबरेल. आणि मळलेल्या केसांना जट लवकर येते म्हणून न्हाणं पंधरा दिवसांनी! "मळलं म्हंजी जट हुती, आसं कुणी सांगितलं तुला?" तुम्ही म्हणालात. खरंच उलटं आहे. तेलकट केस एकमेकांवरून घसरतात, स्वच्छ कोरड्या केसांची गाठ पक्की बसते.

त्या दिवशी तुमच्या जटेच्या अकरा वर्षांबद्दल पहिल्यांदा बोललात. देवीची म्हणून फणी लावायची नाही, कापायची तर नाहीच. वर हळद, कुंकू, तेल. पावसाळ्यात आतून कधी वाळायचीच नाही. मान एका बाजूला ओढलेली, उवा, आणि झोपायचं तेही एकाच कुशीवर. मुली देवीला देवदासी म्हणून सोडण्यावर कर्नाटकात १९८२ साली बंदीचा कायदा आला, महाराष्ट्रात २००५ चा. पण जट आली म्हणजे देवीचं बोलावणं आलं, ही समजूत घराघरांत तशीच राहिली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या ताई तुमच्याकडे तीनदा आल्या. तिसऱ्यांदा तुम्ही त्यांच्यापुढे डोकं वाकवलंत. त्याच महिन्यात शेळी मेली आणि गल्लीनं कोप झाला म्हणून गिल्ला केला. तुमचं उत्तर मी अजून मैत्रिणींना सांगते: "शेळी म्हातारी हुती."

एवढं सोसलेल्या बाईनं माझ्या डोक्याला हात का लावावा? माझा हा नाद तुम्हाला आवडत नाही, आजही नाही. तरी सलग तीन रविवार सोसेल तेवढ्या गरम पाण्यानं मेण सोडवलंत. दोन जटा वाचल्या नाहीत, त्या कापल्यात. रिठे रात्री भिजवून सकाळी उकळायचे आणि पाणी पंच्यातून दोनदा गाळून घ्यायचं, हे तुमच्याकडून शिकले. शिकेकाईची पूड तुम्ही बंदच केलीत, तिचा भुसा आत अडकला की निघत नाही. न्हाणं आठवड्याला, तेही सकाळीच. टॉवेलची लव चिकटते म्हणून जुन्या सुती लुगड्यात एकेक जट पिळायची, मग पंख्याखाली मोकळी सोडायची. ओल्या केसांचा अंबाडा नाही, ओल्या केसांनी झोप नाही. वाळल्यावर मुळाशी बोट घालून शेजारशेजारच्या जटा वेगळ्या करायच्या. नाहीतर त्या एक होतात, जड गठ्ठा बारीक मुळांना ओढतो आणि तिथं टक्कल पडतं. फाडताना टर्रकन आवाज येतो, पहिल्यांदा मी किंचाळलेच होते. तुम्ही हसलात. तुमच्या जटा वेगळ्या करायला कुणी नव्हतं, म्हणून त्यांची एकच झाली होती, उशीएवढी.

पहिल्या वर्षी केस वाढण्याऐवजी आखूड झाले, तेव्हाही मी रडकुंडीला आले होते. जट धरताना केस आत गोळा होतो, हे त्या रडण्यात माझ्या ध्यानातच नव्हतं. महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढ, ती सगळी गाठीतच जायची. आता खांद्याला टेकल्यात. नाक लावून बघा, रिठ्याचा वास येतो.

पण आभार मानायचे आहेत ते कात्रीसाठी. पहिल्याच दिवशी तुम्ही अट घातलीत: आरशाशेजारी खिळ्याला कात्री टांगायची. "कटाळा आला की काप. कुणाला इचारू नगंस." तुम्हाला देवीला विचारावं लागलं होतं, नवऱ्याला, सासूला, मग गल्लीला. माझी कात्री तिथंच आहे. तुम्ही आल्या आल्या आधी तिकडे बघता आणि मग चहा टाकता, हे मला दिसतं.

कानामागची ती एक अजून शेजारणीला बिलगायला बघतेय. माझं बोट तिथं नीट पोचत नाही. रविवारी जरा बघाल?

तुमची,
वरच्या मजल्यावरची