स्वयंसेवक हा रिक्त पदावरचा उपाय नव्हे

महोदय,

आदिवासी भागातील आश्रमशाळेत काही दिवस ‘शिकवायला’ जाण्याची इच्छा असलेले शहरी तरुण आणि माझ्यासारखे निवृत्त शिक्षक अलीकडे पुष्कळ भेटतात. त्यांच्या तळमळीविषयी मला शंका नाही. सातपुड्यातील, धडगाव परिसरातील एका निवासी शाळेत विनामानधन शिकवताना जे दिसते, त्यावरून मात्र वाटते की या तळमळीचा उपयोग चुकीच्या जागी होत आहे.

गणिताचा किंवा इंग्रजीचा शिक्षक नसला की आलेल्या स्वयंसेवकाला त्या वर्गावर पाठवले जाते. मुख्याध्यापकांचीही यात अडचण असते, कारण मागणी करूनही माणूस मिळत नाही आणि मुले तर समोर बसलेली असतात. परंतु दोन-तीन आठवड्यांत स्वयंसेवक परततो, पुढचा येतो तो पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करतो, आणि वेळापत्रकात तास भरलेला दिसत असल्याने रिकाम्या पदाची निकड कोणालाच जाणवत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २६ नुसार शासकीय व अनुदानित शाळांतील शिक्षकांची रिक्त पदे मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून अधिक असता कामा नयेत. ही जबाबदारी शासनाची आहे. ती फुकटच्या श्रमाने झाकली जाऊ नये.

मग स्वयंसेवकाने करावे काय? निवासी शाळेतील मूल चोवीस तास तिथेच असते. शेवटची घंटा झाल्यापासून झोपेपर्यंतचे चार-पाच तास वसतिगृहाचे अधीक्षक, अधीक्षिका आणि कामाठी (मदतनीस कर्मचारी) यांच्यावर सोडलेले असतात, आणि त्यांचा बहुतेक वेळ जेवण, पाणी, आजारी मुले व नोंदवह्या यांतच जातो. गोष्टी वाचून दाखवणे, मागे पडलेल्या चार मुलांना घेऊन बसणे, घरी पत्र लिहू देणे (पहिलीतले मूलही चित्र काढून ‘पत्र’ लिहिते) या गोष्टींना कोणत्याही वेळापत्रकात जागा नाही. माझ्या मते स्वयंसेवकाची खरी जागा ही आहे.

त्यासाठी पावरी किंवा भिली ही मुलांची बोली कानावर बसावी लागते. लहान वर्गांतील मुलांना घरी मराठी ऐकायला मिळत नाही. त्यांच्या गप्प बसण्याला बाहेरून आलेला माणूस फार लवकर ‘कच्ची मुले’ असे नाव देतो. प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करावी, असे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५०-क मध्ये म्हटले आहे. नर्मदा बचाव आंदोलनाने सुरू केलेल्या नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी स्थानिक तरुणांनाच शिक्षक करून, मुलांच्या बोलीतून शिकवण्याची सुरुवात १९९० च्या दशकातच करून दाखवली. बाहेरच्या माणसाला ही बोली जमायला काही महिने लागतात आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या आईबापांमागे कोणती मुले शाळेतून नाहीशी होतात, हे कळायला तर पूर्ण वर्ष जाते.

म्हणून आश्रमशाळांचा कारभार पाहणाऱ्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांनी स्वयंसेवकांसाठी किमान एका शैक्षणिक वर्षाची अट घालावी. मुले आणि मुली जिथे राहतात त्या परिसरात त्यांना मुक्कामाची परवानगी देण्यापूर्वी पोलीस पडताळणी सक्तीची करावी. त्यांची नोंद शिक्षकांच्या हजेरीपटापासून वेगळी ठेवावी, आणि प्रत्येक शाळेतील रिक्त पदांचा विषयवार तक्ता दर्शनी भागात लावावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, नाशिक