आग्या मोहोळ उठल्यावर गडावर काय करावे?

संपादक महोदय,

पावसाळा सरला की नाशिकच्या गडांवर गर्दी होते आणि त्याच सुमारास कड्यांना आग्या माश्याही पोळी धरतात. मोहोळ उठले की पळायचे, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. गडावर तेवढे पुरत नाही.

फांदीला नुसताच माश्यांचा घोस लोंबत असेल, आत पोळे नसेल, तर तो वाटेत विसावलेला थवा. राखायला मध नाही, पिल्ले नाहीत. म्हणून तो सहसा अंगावर येत नाही, काही तासांत किंवा फार तर काही दिवसांत निघून जातो. कातळाला काळपट पडद्यासारखे रुंद पोळे दिसले, तर मात्र त्याखाली शेकोटी, दगड, आरडाओरडा, ड्रोन, उग्र अत्तर काहीही नको.

एका माशीने डंख मारला की पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि बाकीच्या त्याच जागी तुटून पडतात. त्यामुळे माशी अंगावर चिरडू नये, हात झटकू नयेत. सपाटीवर असाल तर डोके-तोंड ओढणीने, उपरण्याने झाकून बंद गाडी किंवा घर गाठावे; आग्या माश्या शेकडो मीटर पाठलाग करतात. हरिहर गडाच्या उभ्या पायऱ्यांवर पळणे डंखांपेक्षा घातक. तिथे कातळाला टेकून बसावे, चेहरा गुडघ्यांत घालावा, मिळेल ते जाड कापड पांघरावे. पाण्याच्या टाक्यात उडी नको, माश्या वर घोंगावत थांबतात. रात्री बॅटरी विझवावी. उजेडावर त्या झेपावतात.

अंगात रुतलेला माशीचा काटा नखाने निघो वा चिमटीने, लगेच निघायला हवा. पहिल्या मिनिटातच बहुतेक विष अंगात उतरते. अंगभर गांधी उठणे, ओठ-जीभ सुजणे, धाप, चक्कर यांपैकी काही दिसताच १०८ला फोन करावा. तेव्हा अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शनच लागते, अ‍ॅलर्जीच्या गोळीवर विसंबू नये. पन्नासेक डंख बसलेल्याला बरे वाटत असले तरी रुग्णालयात न्यावेच. मूत्रपिंडावरचा परिणाम उशिरा कळतो. लघवी लाल-काळपट होते.

टेंभ्याने पोळी जाळणे तर थांबलेच पाहिजे. वाचलेल्या माश्या तिथेच भिरभिरतात आणि पुढच्या वाटसरूला फोडून काढतात. शिवाय आपल्या जिल्ह्यातल्या कांद्याच्या डोंगळ्यांत, म्हणजे फुलांच्या गोंड्यांत, बी भरते ते माश्यांच्याच जिवावर. वनविभागाने आणि गावच्या वन समित्यांनी पोळी लागलेल्या वाटांवर हंगामापुरता पायथ्यालाच फलक लावावा आणि मोहोळ उठलेले असेल त्या दिवशी ती वाट बंद ठेवावी, ही आमची विनंती आहे.

— नाशिक परिसरातील काही मधपाळ