शाळेतली वर्षेही अनुभवात धरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका निवृत्त मुख्याध्यापकांचे पत्र आले होते. तरुण शिक्षक शाळा सोडून कंपन्यांत, विम्याच्या कामात, मॉलमध्ये जात आहेत, त्यांना पेशाची चाड उरलेली नाही, असे सरांनी लिहिले होते. सरांच्या वयाचा आणि सेवेचा मान राखून मला त्यावर लिहायचे आहे, कारण त्या सोडून गेलेल्यांतली मी एक आहे. नाशिक शहरातल्या एका विनाअनुदानित माध्यमिक शाळेत मी दहाएक वर्षे विज्ञान शिकवले. आता दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये, म्हणजे द्राक्षे निवडून पेट्यांत भरण्याच्या केंद्रात, गुणवत्तेचे आणि नोंदींचे काम पाहते.

सरांच्या काळात नोकरी लागली की माणूस शाळेचा होऊन जायचा. आमच्याकडे जूनमध्ये आदेश हातात पडायचा आणि एप्रिलअखेर सेवा संपायची. मे महिना बिनपगारी. जूनमध्ये पुन्हा नवा आदेश, नवी सही. एवढी वर्षे शिकवूनही कागदावर मी दरवर्षी नवीनच असायचे. कायम होण्याचा सरळ रस्ता पवित्र पोर्टलचा, म्हणजे राज्याच्या ऑनलाइन शिक्षकभरतीचा. त्यासाठीची अभियोग्यता चाचणी पहिल्यांदा डिसेंबर २०१७ मध्ये झाली आणि दुसरी थेट २०२३ मध्ये. मधल्या काळात माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांची वयोमर्यादा उलटून गेली. निवड झालीच, तरी आधी तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढायची. ते मानधन २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये झाले. त्याआधी ते अनुक्रमे ६,०००, ८,००० आणि ९,००० होते. आमच्यासारख्या शाळांत तर तेवढेही हातात पडत नव्हते. सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, सेवेची पाच वर्षांहून अधिक शिल्लक असलेल्या पहिली ते आठवीच्या शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण होणे भाग आहे. पन्नाशीजवळ आलेल्या माझ्या दोन मैत्रिणी आता रात्री मुलांच्या शेजारी बसून अभ्यास करतात.

चाड असूनही माणसे का जातात, ते यावरून कळावे. पण पत्र लिहिण्याचे खरे कारण पुढचे आहे. शाळेतून बाहेर पडलेल्या शिक्षकाला बाहेरचे जग कोरा कागद समजते.

अंबडच्या एका कारखान्यात नव्या कामगारांना प्रशिक्षण देण्यासाठी माणूस हवा होता. मी अर्ज केला. मुलाखत घेणारे गृहस्थ सभ्य होते, चहाही दिला. पण माझ्या अर्जावर त्यांनी पेनाने लिहिले ते मला समोरून दिसत होते: संबंधित अनुभव, शून्य. पन्नास-साठ मुलांच्या वर्गाला रोज सहा तास, वर्षानुवर्षे, न समजणारी गोष्ट समजेपर्यंत सांगत राहणे हा जर प्रशिक्षणाचा अनुभव नसेल, तर प्रशिक्षण कशाला म्हणायचे, हे मला आजही समजलेले नाही. तिथे मी काही बोलले नाही. घरी येऊन मात्र खूप रडले.

पॅकहाऊसमध्ये मला काम मिळाले ते एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांच्या शब्दावर. “बाई समजावून सांगतात, बाकीचं आम्ही शिकवू,” असे ते मालकांना म्हणाले. अशी ओळख प्रत्येकीला मिळत नाही.

आता या कामाबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण शिक्षकाचे शिक्षण बाहेर कुठे उपयोगी पडते ते त्यातून दिसेल. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेची ग्रेपनेट ही ऑनलाइन नोंदींची व्यवस्था २००६ पासून आहे. बागेची नोंदणी दरवर्षी करावी लागते, प्रत्येक प्लॉटला क्रमांक असतो, काढणीआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची माणसे येऊन बागेतून नमुना नेतात आणि औषधांचा उर्वरित अंश मर्यादेत असेल तरच तो माल पुढे जातो. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशावरून युरोपात आपली द्राक्षे अडकली, तेव्हा निफाड-दिंडोरीच्या किती घरांत काय झाले, हे इथल्या जुन्या बागाईतदारांना विचारावे. तेव्हापासून फवारणीच्या नोंदवहीला फार महत्त्व आले. कोणते औषध, किती मात्रा, कोणत्या तारखेला, आणि त्यानंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचे. ही वही नीट भरून घेणे हे माझे पहिले काम.

वही तपासणे मला शिकवावे लागले नाही. एकाच बैठकीत, एकाच पेनाने, मागच्या दोन महिन्यांच्या नोंदी उतरवून काढलेली वही कशी दिसते, हे ज्याने प्रयोगवह्या तपासल्या आहेत त्याला पहिल्या पानावर कळते. मी वही बंद करते, समोरच्या दादांना पाणी देते आणि द्राक्षावरच्या डाऊनी रोगाबद्दल विचारते, “डाऊनी आला होता तेव्हा नेमकं काय मारलं होतं?” मग खरी तारीख येते. ओरडून येत नाही, हे मला वर्गानेच शिकवले.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला युरोपात साधारणपणे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा लागते. हा आकडा शेतकऱ्यांना अनेकदा ऐकवला गेला आहे, कागदावरही दिला गेला आहे, आणि तो कुणाच्याही डोक्यात शिरलेला नाही. शिरणार कसा? मी एकदा फळ्यावर मांडले. एक टन म्हणजे हजार किलो, म्हणजे टनात १० मिलिग्रॅम. शंभर टनांत एक ग्रॅम. दहा टनांचे दहा ट्रक द्राक्षांनी भरून उभे करा, त्या सगळ्यात मिळून एक ग्रॅम. खोलीत शांतता पसरली. मग मागच्या बाकावरचे एक नाना म्हणाले, “मॅडम, म्हणजे शेजाऱ्याच्या फवारणीचा वारा जरी आला तरी गेलं की.” बरोबर. तेच तर सांगायचे होते. त्या संध्याकाळी दोघा भावांनी बांधावर कोणत्या दिवशी कोणी फवारायचे याचे आपसांत ठरवून घेतले. सातवीच्या वर्गात एखाद्या मुलाचा चेहरा उजळायचा तेव्हा मला जे वाटायचे, तेच मला त्या दिवशी वाटले.

गोडी मोजायला आम्ही रिफ्रॅक्टोमीटर वापरतो. काचेवर रसाचा थेंब टाकायचा, डोळा लावायचा, ब्रिक्सचा, म्हणजे गोडीच्या मापाचा, आकडा वाचायचा. रसात साखर जितकी जास्त तितका प्रकाश अधिक वळतो. दहावीच्या पुस्तकातला ‘प्रकाशाचे अपवर्तन’ हा धडा मी वर्षानुवर्षे पाण्याच्या ग्लासात पेन्सिल ठेवून शिकवला. हे यंत्र तेव्हा माझ्याकडे असते तर! पॅकिंगच्या टेबलावर काम करणाऱ्या बायकांना मी ते डोळ्याला लावायला दिले, कसे चालते ते सांगितले. त्यातल्या एकीची मुलगी यंदा दहावीला आहे. तिने सुट्टीच्या दिवशी मुलीला घेऊन यायची परवानगी मागितली आणि मालकांनी ती दिली.

म्हणजे शिकवणे सुटलेले नाही, हे मी मनापासून सांगते. शाळा मात्र सुटली आणि त्याचे दुःख आहे. दहावीचा निकाल लागतो त्या दुपारी माझे कामात लक्ष लागत नाही. सीबीएस बसस्थानकावर किंवा मेनरोडला एखादा उंच झालेला मुलगा वाकून नमस्कार करतो आणि “बाई, तुम्ही शाळा का सोडली?” असे विचारतो, तेव्हा त्याला काय सांगावे ते सुचत नाही. सासूबाईंना तर अजून पटलेले नाही. शाळेत मान होता, असे त्या म्हणतात, आणि ते खरेच आहे. पगाराचे म्हणाल तर सुरुवातीला तो शाळेएवढाच होता. फरक इतकाच की मे महिन्यातही तो मिळाला.

आता कागदपत्रांचे. नोकरी सोडताना खरा छळ इथे होतो आणि त्याबद्दल कुणी लिहीत नाही. आमच्या संस्थेने माझी मूळ प्रमाणपत्रे रुजू होतानाच ठेवून घेतली होती. राजीनामा दिल्यावर ती परत मिळायला पुढचे शैक्षणिक वर्ष सुरू व्हावे लागले. अनुभवाचे प्रमाणपत्र मिळाले त्यात फक्त शेवटचे वर्ष होते, कारण दरवर्षीचा आदेश वेगळा. ग्रॅच्युइटी मागितली तर मे महिन्यातला खंड दाखवण्यात आला. २००९ च्या दुरुस्तीने ग्रॅच्युइटीचा कायदा शिक्षकांना ३ एप्रिल १९९७ पासून लागू झाला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली, हे माझ्या बरोबरच्या बहुतेक शिक्षिकांनी ऐकलेलेही नव्हते. पाच वर्षांची सलग सेवा असेल तर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन हा हक्क आहे. तो मागताना मान खाली घालायचे कारण नाही.

ज्यांच्या मनात यंदा सोडण्याचा विचार आहे त्यांना एक सांगते. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्ती कायदा आहे. त्याच्या सातव्या कलमानुसार राजीनामा दोन प्रतींत, दोन्हींवर सही करून आणि तारीख घालून लिहायचा असतो; एक प्रत रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाकडे पाठवायची आणि दुसरी आपल्याकडे ठेवायची. कायम शिक्षकाला तीन महिन्यांची आणि तात्पुरत्याला एका महिन्याची सूचना द्यावी लागते. टाइप करून समोर ठेवलेल्या कागदावर सही करू नका. पोस्टाची पावती जपून ठेवा. आणि वर्षाच्या मध्येच दहावीचा वर्ग टाकून जाऊ नका. त्यात मुलांचे काय चुकले? मी एप्रिलपर्यंत थांबले, अभ्यासक्रम पुरा केला, शेवटच्या पेपरापर्यंत मुलांच्या शंकांना फोनवर उत्तरे दिली. सरांनी ज्याला निष्ठा म्हटले ती असे सोडून जाणाऱ्यांतही असते.

सातपूर-अंबडच्या कारखानदारांना, निमा आणि आयमा या त्यांच्या संघटनांना आणि जिल्ह्यातल्या पॅकहाऊस-वायनरीवाल्यांना माझी विनंती आहे. प्रशिक्षण, सुरक्षा, दर्जा, नोंदी, ग्राहकांशी बोलणे, यांपैकी कोणत्याही जागेची जाहिरात देताना अध्यापनाचा अनुभव ग्राह्य धरला जाईल, एवढे एक वाक्य त्यात घाला. मुलाखतीत शिक्षकाला दहा मिनिटे द्या, तुमच्याच कारखान्यातली एखादी गोष्ट त्याला सांगा आणि ती तुमच्या नव्या कामगाराला त्याच्याकडून समजावून घ्या. मग अनुभव शून्य लिहायचा की नाही ते ठरवा. गोवर्धनला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून उभे आहे, काम करता करता शिकणाऱ्यांसाठीच ते काढले गेले. त्यांनी उद्योगांना विचारून शिक्षकांसाठी संध्याकाळचा एखादा छोटा अभ्यासक्रम सुरू केला, तर माझ्यासारख्यांना कुणाच्या वडिलांच्या शब्दावर अवलंबून राहावे लागणार नाही.

आणि शिक्षणाधिकाऱ्यांना विनंती. एप्रिलअखेर पुन्हा आदेश संपतील, पुन्हा कितीतरी शिक्षक शाळांच्या कार्यालयांत आपली प्रमाणपत्रे मागत उभे राहतील. मूळ कागदपत्रे संस्थेने ठेवून घेऊ नयेत, आणि अनुभवाच्या दाखल्यात पहिल्या आदेशापासूनची सगळी वर्षे लिहावीत, असे परिपत्रक त्याआधी निघावे. त्यासाठी सरकारला एक रुपयाही खर्च येणार नाही.

आपली,
एक माजी विज्ञान शिक्षिका
म्हसरूळ, नाशिक
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)