टाकीतलं पाणी गाडीत: बंदरावरच्या पंपमिस्त्रींना उघड आभारपत्र

आदरणीय मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार. बोटींचे पंप खोलण्यात हयात गेलेल्या माणसाने, घरच्या टाकीतलं शुद्ध पाणी गाडीतल्या टाकीत भरून नेणाऱ्या आम्हा काचा धुणाऱ्यांच्या पाईपात लक्ष घालावं असं काही बंधन नव्हतं. तरी तुम्ही घातलंत, आणि वर मजुरी विचारली तर विषय बदललात. निदान आभार तरी सगळ्यांसमोर मानू द्या. किनाऱ्यावर हेच काम करणाऱ्या इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून तुम्ही सांगितलेलं इथे तपशिलाने लिहितो आहोत.

खारा वारा काचेवर मिठाचा थर बसवतो. तो विहिरीच्या पाण्याने धुतला, तर थेंब वाळल्यावर त्या पाण्यातले क्षार पांढरे ठिपके होऊन उरतात. म्हणून आरओ (पडद्यातून पाणी गाळणारं यंत्र), त्यापुढे उरलेले क्षार धरून ठेवणारं डीआय रेझिन, आणि 10 पीपीएमच्या (दहा लाखात दहा भाग) आत टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. असं पाणी लांब पोलच्या ब्रशने मारलं की पुसावं लागत नाही. सगळ्यांचा पैसा आणि लक्ष या मशिनरीवर जातं. पाणी बिघडतं मात्र घरची टाकी ते गाडीची टाकी या पाच-पंधरा मीटरात, हे तुम्ही दाखवून दिलंत. तुमची तपासणी साधी: टीडीएस मीटर घरच्या टाकीत, मग पाईपच्या तोंडाशी, मग ब्रशपाशी. ज्या दोन जागांमध्ये आकडा वाढला, दोष त्यांच्या मधे.

पहिला संशयित पाईपच. 25 मिमीच्या 15 मीटर पाईपात सुमारे 7 लिटर पाणी उरतं. त्याच पाईपाने आधी माडांना 250 पीपीएमचं पाणी घातलं असेल, तर ते 7 लिटर 500 लिटरच्या टाकीचा आकडा साडेतीन-चारने वर नेतात. एवढ्याने काच बिघडत नाही, पण रोज अशीच भर पडली तर गाडीवरचं रेझिन लवकर संपतं. म्हणून या कामाचा पाईप वेगळा, दोन्ही टोकांना कॅमलॉक (खटक्याने बसणारी जोडणी) आणि त्यांना टोप्या. टोपी नसेल तर तांबडी माती आत जाणारच, पाईप जमिनीवर ओढल्याशिवाय कुणाचा दिवस जात नाही.

दुसरा संशयित धातू. क्षार काढलेलं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होतं आणि बीड, जीआय (जस्त चढवलेलं लोखंड), पितळ यांना खातं. बाजारातल्या अर्ध्या एचपीच्या मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र) पंपाची बॉडी बहुधा बिडाची असते, आत फिरणारा पंखा, म्हणजे इंपेलर, पितळेचा. पाणी वाहत असताना फारसं बिघडत नाही. रात्रभर पंपात उभं राहिलेलं पाणी गंज घेऊन सकाळी पहिल्यांदा बाहेर येतं. पंप बदलणं परवडत नसेल तर काम झालं की खालचा प्लग काढून तो रिकामा करायचा आणि सकाळची पहिली बादली गाडीच्या टाकीत न सोडता गाडीच धुवायची, हा तुमचा तोडगा खर्च शून्य असलेला. फिटिंग मात्र नायलॉन, पीपी (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक) किंवा स्टीलची. स्टीलमध्येही 316, कारण 304 खाऱ्या वाऱ्यात डागाळतं. बोटीवाल्यांना हे पाठ असतं, आम्हा काचवाल्यांना सांगावं लागतं.

जुनी हजार लिटरची आयबीसी टाकी (लोखंडी पिंजऱ्यातली चौकोनी प्लास्टिक टाकी) घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तिच्या कॉकचे आटे मोठे आणि जाड असतात, साध्या दोन इंची पाईपाचे नव्हेत. टेफ्लॉन गुंडाळून दामटलं की आटा जातो आणि गळती कायमची. त्याचा अडॅप्टर वेगळा मिळतो, तोच घ्यावा. आत आधी काय भरलेलं होतं तेही विचारावं. साबणाचा किंवा केमिकलचा अंश प्लास्टिकमधून लवकर जात नाही.

आता मुख्य मुद्दा: पाणी थांबवायचं कसं. कोकणात घर आणि रस्ता एका पातळीला क्वचितच असतात. घर वर आणि गाडी खाली रस्त्यावर असेल, तर पंप बंद केला तरी सायफनने पाणी येतच राहतं. पंपातून पाणी आरपार जातं, तो काही कॉक नव्हे. गाडीची टाकी भरून वाहते आणि माणूस स्विचकडे बघत उभा. अशा ठिकाणी पाईपच्या गाडीकडच्या टोकाला हाताने बंद करायचा कॉक (बॉल व्हॉल्व्ह) हवाच. क्रम असा: आधी स्विच, मग कॉक. उलट केलं तर बंद तोंडावर पंप घुसळत राहतो, पाणी तापतं, सील जातं.

घर खाली आणि गाडी वर असेल तर पाणी उलट येतं. पाईपचं टोक गाडीच्या टाकीत बुडालेलं असलं की पंप थांबताच भरलेलं पाणी घरी परत. त्यासाठी पंपानंतर एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) लावायचा, पितळी नव्हे, पीपीचा. शिवाय पाईपचं टोक टाकीच्या तोंडाशी, पाण्याच्या पातळीच्या वर अडकवायचं. तिथे हवा मिळाली की सायफन धरतच नाही. एनआरव्हीत कचरा अडकून तो उघडा राहिला तरी ही अडकवणी वाचवते, म्हणून दोन्ही करा असं तुम्ही म्हणालात.

लाईट जाण्याचं तर विचारूच नये. भरत असताना वीज गेली, माणूस चहाला गेला, वीज आली, पंप आपोआप सुरू. गाडीच्या टाकीत फ्लोट स्विच (पाणी चढलं की तरंगून पंप बंद करणारा) असला तर वाचतो, आणि गाडी उतारावर उभी असेल तर टाकीच्या उताराकडच्या बाजूला तो आधी उचलला जातो हे धरूनच त्याची जागा ठरवावी. ओल्या अंगणात वायर टाकायची म्हणजे 30 मिलीअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग, यावर तुम्ही एक शब्दही ऐकून घेतला नाहीत. बरोबरच केलंत.

उतार हाताशी असेल तर पंप हवाच कशाला, हाही तुमचाच प्रश्न. चिऱ्यांच्या ओट्यावरची टाकी गाडीच्या टाकीपेक्षा मीटरभर वर असली, तर दहा मीटर इंची पाईपातून मिनिटाला वीस-पंचवीस लिटर येतात. पाचशे लिटरला वीस-पंचवीस मिनिटं, टाकी उतरत गेली की थोडी जास्त. बागेच्या अर्धा इंची पाईपाने तेच काम दीड तास खातं. पंप लावायचाच तर टाकीच्या तळाच्या खाली बसवावा, म्हणजे हवा धरत नाही, आणि सक्शनला, म्हणजे पाणी ओढणाऱ्या बाजूला, स्प्रिंगचा कडक पाईप. मऊ पाईप आत चिकटतो. टाकीचं झाकण घट्ट बंद ठेवून उपसलं तर टाकीच्या भिंती आत ओढल्या जातात. हवेसाठी व्हेंट ठेवा आणि त्याला बारीक जाळी, डासांसाठी.

पांढरी टाकी उन्हात ठेवली तर शेवाळ धरतं, कारण आरओच्या पाण्यात क्लोरीन नसतं. काळं कापड गुंडाळावं.

वजनाचं सांगायलाच नको असं वाटतं, पण सांगतो. पाचशे लिटर म्हणजे पाचशे किलो. टाकी, पोल, रीळ आणि दोन माणसं त्यावर. आरसी बुकातला भार आधी बघावा, आणि घाटात निघताना टाकी शक्यतो पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी. अर्धी टाकी वळणावर पाण्याच्या हेलकाव्याने गाडी ओढते.

नवा पीपीचा एनआरव्ही बसला आहे, गळत नाही. त्याची ओरिंग (रबराची कडी) पावसाळ्यानंतर बदलायची की कडक झाल्यावर, तेवढं कळवा.

कळावे, लोभ असावा.

आपले,
काचा धुणारी मंडळी