पाण्याचा राग राफ्टवरच्या पोरांवर नको

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेले काही दिवस आपल्या वाचकांच्या पत्रांत मुळशीच्या धरणातून पश्चिमेला जाणाऱ्या पाण्याचा विषय गाजतो आहे. उशिरा का होईना, सोलापूरकर यावर बोलू लागले हे चांगलंच झालं. पण त्यातल्या काही पत्रांचा रोख भलतीकडेच गेला. इकडे आमचा नळ चार दिवसांआड आणि तिकडे कोकणात कोलाडला आमच्याच हक्काच्या पाण्यावर हवेच्या रबरी बोटींतून मौजमजेचं राफ्टिंग, ते आधी बंद करा, असा एकंदर सूर. एका पत्रात तर राफ्टिंग कंपन्यांत राबणाऱ्या पोरांनाही पाणीचोरीत वाटेकरी ठरवून टाकलं आहे.

मी पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. उभी नोकरी उजनीच्या कालव्यावर गेली. आणि माझा सख्खा भाचा, मोहोळ तालुक्यातला, कोलाडच्या त्याच कुंडलिका नदीवर राफ्टचा गाइड आहे. दोन्हीकडचं थोडंफार ठाऊक असल्यानं लिहितो आहे.

आधी पाण्याचं. मुळशीचं धरण मुळा नदीवर. मुळा पुण्यात मुठेला मिळते, मुळा-मुठा पुढं भीमेला, आणि भीमा येते उजनीत. उताराच्या हिशेबानं पाणी आपल्याच बाजूचं. पण धरण बांधलं तेच मुळी हे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून पलीकडं कोकणात भिऱ्याला उतरवून वीज करायला. १९२१ साली मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले, तरी १९२७ ला भिऱ्याचं वीजघर सुरू झालं आणि पाणी पश्चिमेला वळलं ते वळलंच. टाटांच्या वीज कंपनीची लोणावळ्याकडची, आंध्र खोऱ्यातली आणि मुळशीची अशी सगळी धरणं धरून वर्षाला सुमारे ४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी भीमेच्या खोऱ्यातून असं जातं. उजनी ११७ टीएमसीचं म्हणतो आपण, पण त्यातला उपयुक्त साठा ५३ टीएमसीच्या आसपास. त्यावरून ४२ म्हणजे केवढं ते ध्यानात यावं. हे पाणी पूर्वेकडं वळवा ही मागणी रास्त आहे. तसल्या एका निवेदनावर माझीही सही आहे.

पण भिऱ्याला उतरलेलं पाणी राफ्टिंगसाठी सोडतात हा समज चुकीचा. ते टर्बाइन फिरवून बाहेर पडतं, रवाळजेच्या बाजूनं कुंडलिकेला लागतं, डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांनी तिकडच्या शेतीला जातं, धाटावच्या कारखान्यांना जातं आणि राहिलेलं रेवदंड्याच्या खाडीतून समुद्राला मिळतं. मधल्या दहा-बारा किलोमीटरच्या टप्प्यात ही पोरं त्या वाहत्या पाण्यावर राफ्ट घालतात. थेंबभर पाणी खर्ची पडत नाही. उद्या तिथल्या एकूण एक राफ्टची हवा सोडली तरी उजनीची पातळी बोटभर चढायची नाही.

पाणी कधी सुटायचं आणि किती सुटायचं, यात त्या पोरांचा काडीचा संबंध नसतो. विजेला मागणी कधी, संच कुठला चालू, देखभालीला कुठला बंद, त्यावर ते ठरतं. आम्ही कालव्यावर हेच भोगलं. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी कधी सोडायचं ते, ठरवायचं कालवा सल्लागार समितीनं, पुण्या-मुंबईत बसून, आणि शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाळी मिळाली नाही की आयमाय ऐकायची कालवा निरीक्षकानं. चिखलातून मोटारसायकल ढकलत जाणारा माणूस समोर दिसतो, म्हणून राग त्याच्यावर निघतो. राफ्टवरच्या पोरांबद्दलचं ते पत्र वाचताना मला माझ्या बीटवरचे दिवस आठवले.

आता ही पोरं करतात तरी काय, ते सांगतो. कारण पेपरांच्या पर्यटन पुरवणीत राफ्टिंगवर पानभर मजकूर येतो, त्यात उसळतं पाणी असतं, किंकाळ्या असतात, नाश्त्याचे पोहेसुद्धा असतात. राफ्टच्या मागच्या टोकाला बसलेला माणूस मात्र फोटोत कापलेला असतो.

भाचा तिथं लागला तो भांडी आणि जॅकेटं धुवायला. विहिरीत पोहणारं पोर, पण पोहता येणं आणि वाहत्या पाण्यात माणूस काढता येणं या दोन वेगळ्या गोष्टी, हे त्याला तिथं नेपाळहून आणि हृषीकेशहून आलेल्या सीनियर गाइडांनी शिकवलं. पहिले कितीतरी महिने त्याला राफ्टवर चढूच दिलं नाही. हवा मारणं, राफ्ट डोक्यावर घेऊन काठापर्यंत नेणं, दोरीची पिशवी नेमकी बुडणाऱ्याच्या हातात पडेल अशी फेकणं, हेच काम. मग रिकामी राफ्ट, मग सीनियरबरोबर, मग गिऱ्हाइकं. एका कंपनीत गाइड सोडूनही बरीच माणसं असतात. छोट्या कयाकमधून, म्हणजे एकट्याच्या होडीतून, पुढं जाऊन रॅपिडच्या, म्हणजे उसळत्या पाण्याच्या टप्प्याच्या, खाली, खडकाच्या आडोशाला थांबणारा सेफ्टीवाला. राफ्टा टपावर बांधून अरुंद रस्त्यानं टेम्पो नेणारा ड्रायव्हर. बुकिंग घेणारी मुलगी, हमीपत्रं भरून घेणारा पोऱ्या, फोटोवाला, आणि भल्या पहाटे चूल पेटवणाऱ्या आजूबाजूच्या गावांतल्या बाया. त्यातल्या काही घरांची जमीन पूर्वी कुठल्या ना कुठल्या प्रकल्पात गेलेली. त्यांच्यासाठी ही नोकरी म्हणजे शौक नव्हे.

मी स्वतः आमच्या कॉलनीच्या ग्रुपबरोबर गेलो होतो. राफ्टमध्ये बसलो नाही, गुडघ्याचं दुखणं आहे. पण काठावर उभा राहून सगळं पाहिलं. आम्ही पोचलो तेव्हा नदीत खडक उघडे पडलेले. पोरं मात्र घाईत, कारण पाणी सकाळी येतं आणि ते कुणासाठी थांबत नाही. आमच्या कालव्यावर मोजपट्टी रंगवलेली असायची. यांची मोजपट्टी म्हणजे समोरचा एक काळा खडक. तो कुठवर बुडला त्यावरून भाचा सांगत होता, आज कुठली लाट उंच उठेल आणि कुठला दगड पाण्याखाली दडून राहील. थंड पाण्यात ठेवल्यावर राफ्ट जरा नरम पडते म्हणून तिला परत पंप मारला, आणि ऊन तापल्यावर थोडी हवा सोडावी लागेल असं तिथल्या पोराला बजावून ठेवलं. मला बरं वाटलं. काम कळतं त्या माणसाचे हात असेच चालतात.

मग त्यानं प्रत्येकाचं जॅकेट तपासलं. पट्टे आवळायचे, मग दोन्ही खांद्यांवरून धरून जॅकेट वर ओढायचं. ते हनुवटीपर्यंत सरकलं की पुन्हा आवळायचं. आमच्यातले एक पोट सुटलेले गृहस्थ, नाव घेत नाही, ‘काय बे, श्वास घ्यायला तरी जागा ठेव की’ म्हणाले. त्यानं हसून आणखी एक घर आवळलं. वल्ह्याच्या वरच्या टोकाला आडवी मूठ असते, तिच्यावरचा हात अजिबात सोडायचा नाही, हे त्यानं तीनतीनदा सांगितलं, कारण सुटलेली मूठ शेजाऱ्याच्या दातावर बसते. पाण्यात पडलात तर उताणं व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला वर ठेवा, उभं राहायचा प्रयत्न करू नका, कारण पाय दगडांच्या फटीत अडकला तर पाणी पाठीवरून माणसाला दाबून धरतं. एवढं सांगून होईपर्यंत आमच्यातले निम्मे सेल्फी काढत होते.

एकानं फोटोसाठी हेल्मेट काढलं. गाइडनं राफ्ट लोटायला नकार दिला. ‘पैसे भरलेत’ वगैरे झालं, सोलापूरहून रात्रभर प्रवास करून आलोय वगैरेही झालं. तो पोरगा वयानं सगळ्यांत लहान, पण जागचा हलला नाही. हेल्मेट डोक्यावर गेलं तेव्हाच राफ्ट पाण्यात गेली. संध्याकाळी मी विचारलं तर म्हणाला, ‘मामा, हे रोजचंच आहे. ग्रुपवाले वाईट अभिप्राय टाकतात, मालक आम्हालाच बोलतो.’

आपलेच लोक, म्हणून स्पष्ट लिहितो. रात्रीची बस करायची, घाट उतरेपर्यंत बाटल्या संपवायच्या, दहाला उठायचं आणि पाणी निघून गेलं की तिथल्या पोरांच्या अंगावर जायचं, हे प्रकार होतात. दारू पिऊन आलेल्याला राफ्टवर न घेणारा गाइड हा मग्रूर नसतो. उलट जो घेतो त्याच्यापासून सांभाळून राहावं.

जॅकेटचं महत्त्व तर आपल्या जिल्ह्याला नव्यानं सांगायला नको. २०२४ च्या मे महिन्यात उजनीच्या पाण्यात, करमाळा तालुक्यातलं कुगाव आणि पलीकडचं कळाशी यांच्यामध्ये, वादळात बोट उलटून सहा जण गेले. तिथं रॅपिड नव्हते, काही नव्हतं, रोजची ये-जा होती. कुंडलिकेवरची पोरं जी शिस्त रोज सकाळी अनोळखी माणसांकडून शिव्या खात पाळून घेतात, तिचा चतुर्थांश आपल्या जलाशयावर आला असता तरी पुष्कळ होतं. अशा जाणत्या माणसांना उजनीच्या काठावर बोलावून बोटवाल्यांना शिकवायला लावावं, हे आमच्या जिल्हा प्रशासनाला का सुचू नये?

आता त्यांच्या पदरात काय पडतं ते. भाच्याला महिन्याचा पगार नाही, फेरीवर पैसे. वीजघर देखभालीला बंद राहिलं, नदीला पूर आला, परीक्षांमुळं गिऱ्हाईक आटलं, की फेरी नाही आणि पैसाही नाही. मग तो गावी येतो, बापाच्या डाळिंबावर फवारणी करतो. गिऱ्हाइकाकडून हमीपत्र लिहून घेतात, त्याचा विमाही असतो म्हणे. पण दिवसातून दोनदा त्याच पाण्यात उतरणाऱ्या पोराच्या नावानं कागद कुठला? खांदा निखळला तेव्हा खर्च माझ्या बहिणीनं केला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ही रीत एकाच ठिकाणची नाही असं तिथले लोक सांगतात, आणि भाच्याची नोकरीही टिकायला हवी.

राज्य सरकारनं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी ठेवली. पाऊल चांगलं होतं. पण धोरण पर्यटकाच्या जिवाचा जेवढा विचार करतं तेवढाच राफ्टच्या मागच्या टोकाला बसलेल्याचाही व्हायला हवा. बांधकाम मजुराची नोंद होते, त्याचं मंडळ आहे. गाइडाचं कौशल्य कुठं नोंदवायचं? तो कंपनी बदलतो तेव्हा त्याचा अनुभव त्याच्या तोंडी सांगण्यावर.

मुळशीचं पाणी पूर्वेला आणण्यासाठी भांडणाऱ्या आमच्या लोकप्रतिनिधींना, कृती समित्यांना माझी विनंती आहे, की निवेदनात एक परिच्छेद वाढवा. पाणी वळलं तर कुंडलिकेवरची ही रोजी जाईल. त्या माणसांचं पुढं काय, ते आत्ताच लिहून मागा. पूर्वी मावळ्यांच्या जमिनी घेताना असा परिच्छेद कुणी नीट लिहिला नाही, त्याचं काय झालं ते आपण वाचलेलं आहे. आणि तोवर राफ्टिंग बंद करा ही घोषणा सोडून द्या. तिनं आपली बाजू उलट पोरकट दिसते.

आपल्याकडं एवढीच मागणी. पर्यटन पुरवणीत राफ्टिंगवर पुढचा मजकूर येईल तेव्हा बुकिंग करताना विचारायच्या चार प्रश्नांची चौकट छापा: कंपनीची नोंदणी आहे का, गाइडनं प्रशिक्षण कुठं घेतलं, राफ्टबरोबर सेफ्टी कयाक असते का, आणि गाइडचा विमा उतरवलेला आहे का. आमच्या कॉलनीचा पुढचा ग्रुप दिवाळीनंतर जायचा आहे. चौथ्या प्रश्नाचं लेखी उत्तर आल्याशिवाय आगाऊ रक्कम भरायची नाही, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे.

आपला,
एक निवृत्त कालवा निरीक्षक,
जुळे सोलापूर