करंजीचा अनुस्वार वाचवणाऱ्या ताईंस

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

बचतगटाच्या फराळाची ती साइट आठवते ना? माझ्या विंडोजच्या क्रोममध्ये सगळं जागच्या जागी होतं. मग गटातल्या एका काकूंनी मुलाच्या आयफोनवर ती उघडली. ‘ऑर्डर द्या’चं चौकोनी बटण गोलसर झालेलं, नावाच्या चौकटीवर बोट टेकवलं की अख्खं पान मोठं व्हायचं, आणि करंजीचा अनुस्वार वरून कापला जाऊन झाली होती ‘करजी’! रात्री अकराला तुम्हाला फोन केला, तेव्हा माझ्या स्टाइलशीटमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलमध्ये, तेवीस ‘!इम्पॉर्टंट’ होते, म्हणजे ‘बाकीचं सोड, हाच नियम लाव’ असे तेवीस हट्ट. (मोजले तुम्हीच, मोठ्याने.)

तुम्ही आधी ते सगळे उडवायला लावलेत. मला रागच आला होता, आता सांगतो. पण मग इन्स्पेक्टर, म्हणजे कुठे कोणता नियम लागलाय ते दाखवणारी ब्राउझरमधली खिडकी, उघडून ‘यूजर एजंट स्टाइलशीट’ लिहिलेल्या ओळी दाखवल्यात. चार वर्षं त्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि मी एकदाही वाचल्या नव्हत्या. प्रत्येक ब्राउझर माहेरहून स्वतःची स्टाइलशीट घेऊन येतो, हे तेव्हा कळलं. बॉडीचं 8 पिक्सेलचं मार्जिन तिथलंच. बटणं आणि इनपुट (मजकूर भरायच्या चौकटी) पानाचा फॉन्ट आपणहून घेत नाहीत, तेही तिथलंच.

मी लगेच एरिक मेयर यांचं 2007 सालचं रीसेट, म्हणजे ब्राउझरचं माहेरचं रूप घालवणारी तयार स्टाइलशीट, टाकायला निघालो होतो. ते सगळंच पुसून टाकतं, मग मथळ्यांपासून याद्यांच्या ठिपक्यांपर्यंत सगळं तुलाच लिहावं लागेल, म्हणालात. त्यापेक्षा निकोलस गॅलघर आणि जोनाथन नील यांची नॉर्मलाइज ही फाइल वाच, म्हणालात. त्यात कामाचं तसंच ठेवून फरक तेवढे मिटवलेत, आणि कोणती ओळ कशासाठी तेही लिहिलंय. ती फाइल त्या रात्री कादंबरीसारखी वाचली.

बाकीचं झटपट झालं. बटणाला ‘अपिअरन्स: नन’ (ब्राउझरचं रूप नको), फॉर्मला ‘फॉन्ट: इनहेरिट’ (पानाचाच फॉन्ट घे). इनपुटची अक्षरं 14 पिक्सेलची होती. 16च्या खाली गेलं की आयफोनवरची सफारी झूम करते. मी झूमच बंद करणार होतो, तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, “काकूंना चष्मा आहे ना?”

अनुस्वाराचं पाप मात्र माझंच. लाइन-हाइट 1, म्हणजे ओळीची उंची अक्षराच्या मापाएवढीच, आणि वर ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे चौकटीबाहेर जाईल ते कापलं! विंडोजवर निर्मला यूआय, अँड्रॉइडवर नोटो, अ‍ॅपलकडे कोहिनूर. प्रत्येकाच्या वेलांट्या-मात्रांची उंची निराळी. इंग्रजी मथळ्यांवर पोसलेला माझा हात देवनागरीला डोक्यावर जागाच ठेवत नव्हता. आता 1.6 ठेवलंय आणि ओव्हरफ्लो काढून टाकलाय.

फायरफॉक्समध्ये ड्रॉपडाउनचा बाण अजून वेगळा दिसतो. तुम्ही म्हणालात तसा, तो आहे तसाच सोडलाय.

आपला,
तुमच्या डावीकडच्या खुर्चीतला