काळ्या टेपवाल्या दादांचे आभार
बंगळुरूचा ‘स्वरात्मा’ हा लोकसंगीत-रॉक बँड मी २००९ मधल्या पहिल्या अल्बमपासून ऐकतेय. समोर बघायचा योग अखेर आला, आणि दुसऱ्याच गाण्याला कुणाचं तरी कोपर लागून माझा चष्मा खाली! काडी तुटलेली. नंबर उणे सहा, त्यामुळे स्टेजवर नुसते रंगीत ठिपके. रडायचीच बाकी होते.

साउंडच्या टेबलामागच्या दादांनी न सांगताच हात पुढे केला. वायरींना लावतात ती काळी टेप दातांनी तोडली, बारीक पट्टी करून काडीला गुंडाळली. शेजारच्या कॉलेजकुमाराने मोबाइलचा टॉर्च धरला. वर दादांनी विचारलं, “कानाला टोचत नाही ना?”

बँडचे गायक वासू दीक्षित कमरेला खोटा घोडा बांधून नाचत आले, तेव्हा घोड्याचा लगामसुद्धा दिसला मला.

दादा, नाव विचारायचं राहिलंच. मनापासून आभार, त्या टॉर्चवाल्याचेही. टेप अजून काढलेली नाही.